धातू कुणाचे, करंडक कुणाचा?

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा समितीने आम्हांला इतिहासावर काहीतरी लिहा, असा आग्रह केला. विषय शोधावा लागला नाही. २०२५ च्या मे महिन्यात, बुद्ध पौर्णिमेच्या आधी, एका रविवारी वंदना झाल्यावर वर्तमानपत्रातली बातमी विहारात वाचून दाखवली गेली. तथागतांच्या अस्थींबरोबर स्तूपात ठेवलेल्या रत्नांचा हाँगकाँगला लिलाव होणार, अशी ती बातमी होती. ती ऐकून मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "भाऊ, बुद्धाच्या अस्थींसंगतीचे दागिने इकत्यात म्हणजे इकणारा कोण, आन् त्याला दिले कुणी?"

आजी शाळेत गेलेल्या नाहीत. पण आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मोठमोठ्या पंडितांनी जो प्रश्न आधी विचारायला हवा, तो त्यांनी विचारला. विकणारा कोण, आणि त्याला दिले कुणी? त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे वाचनात आले, ते आम्ही इथे मांडत आहोत.

धम्मबांधवांनो, अस्थी म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आपण रात्रभर रांगेत उभे राहतो. गावाकडून म्हातारी माणसे भाकरी बांधून येतात. ती काय पाहायला येतात? चुना-सिमेंटचा घुमट पाहायला नव्हे. तिथे परमपूज्य बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, म्हणून येतात. उद्या कुणी त्या उचलून परदेशातल्या काचेच्या कपाटात ठेवल्या, खाली चिठ्ठी लावली आणि बघायला तिकीट ठेवले, तर आपल्या जिवाचे काय होईल? नेमके हेच दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी घडले. फरक इतकाच की तेव्हा ओरडायला जागेवर कुणी बौद्ध उरले नव्हते.

सांचीच्या टेकडीवर काय झाले?

१८५१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम आणि फ्रेडरिक मेसी हे दोन इंग्रज लष्करी अधिकारी भोपाळजवळच्या सांचीला आले. त्यांनी तिथले आणि आजूबाजूचे स्तूप खोदून उघडले. सांचीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या स्तूपात दगडाच्या दोन पेट्या निघाल्या. एकीच्या झाकणावर ब्राह्मी लिपीत 'सारिपुतस' आणि दुसरीच्या झाकणावर 'महामोगलानस' अशी अक्षरे होती. म्हणजे सारिपुत्ताचे आणि महामोग्गलानाचे धातू. आत संगजिऱ्याचे करंडक, त्यांत हाडांचे लहानसे तुकडे आणि थोडे मणी. सारिपुत्ताच्या पेटीत चंदनाचे दोन तुकडेही होते. करंडकांच्या झाकणांच्या आतल्या बाजूला शाईने 'सा' आणि 'म' ही अक्षरे लिहिलेली होती. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा भिक्खूने वा कारागिराने अदलाबदल होऊ नये म्हणून केलेली ती खूण. जवळच्या सतधारा येथील स्तूपातही याच दोघांच्या नावांचे करंडक सापडले.

सारिपुत्त म्हणजे धम्मसेनापती. मोग्गलान त्याचा बालपणापासूनचा मित्र. दोघे एकत्र संघात आले. तथागतांच्या आधीच दोघांचे परिनिर्वाण झाले. मुलांच्या धम्मवर्गात आपण ही नावे घेतो. पण त्यांच्या अस्थी लंडनला जाऊन आल्या, हे किती जणांना ठाऊक आहे?

मेसीच्या वाट्याला आलेल्या वस्तू १८६६ साली लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन म्युझियममध्ये उसन्या म्हणून गेल्या. त्यालाच पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणू लागले. १९२१ साली म्युझियमने त्या मेसीच्या वारसांकडून विकत घेतल्या. आता इथे आजींचा प्रश्न लावून पाहा. स्तूप बांधणाऱ्यांनी दान दिले ते धम्माला. अधिकाऱ्याने खोदून काढले, त्याच्या वारसांनी विकले, म्युझियमने घेतले. कागदोपत्री सगळे चोख! पण पहिल्या पायरीला कुणी कुणाला दिले, याचा कागद कुठेच नाही.

सांचीचीच आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. तिथल्या मोठ्या स्तूपाचे कोरीव तोरण फ्रान्सला हवे होते. ते देऊ नये, असे त्या वेळी ठरले आणि त्याऐवजी १८६९-७० साली पूर्वेकडच्या तोरणाचे साचे घेऊन प्लास्टरच्या प्रतिकृती युरोपात पाठवल्या गेल्या. अस्सल तोरण जागेवर राहिले, नक्कल परदेशी गेली. म्हणजे हे करता येत होते. तोरणाला जो न्याय मिळाला, तो अस्थींना मात्र मिळाला नव्हता.

परत आणण्याची लढाई

या अस्थी परत मागितल्या त्या बौद्धांनी. १८९१ साली अनागारिक धम्मपालांनी स्थापन केलेल्या महाबोधी सोसायटीने हा प्रश्न लावून धरला. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमधल्या बौद्धांनीही पत्रे लिहिली. दुसरे महायुद्ध आले आणि काम रखडले.

म्युझियमवाल्यांचे उत्तर मोठे पाहण्यासारखे होते. अस्थी नेऊ द्यायला त्यांची तयारी झाली, पण करंडक मात्र त्यांना ठेवून घ्यायचे होते. का, तर अस्थी हा धर्माचा विषय, करंडक हा कलेचा. अस्थी नकली करंडकात घालून द्यायच्या आणि अस्सल करंडक कपाटात राहू द्यायचे, असा तो बेत. तोरणाच्या वेळी नक्कल परदेशी गेली होती, आता नक्कल आपल्या पदरात घालायची!

बौद्धांना हे मान्य झाले नाही. ज्या करंडकात श्रद्धेने अस्थी ठेवल्या गेल्या, तो करंडक नुसता डबा उरत नाही. तोही पूजनीय होतो. आपल्या घरी बाबासाहेबांचा चष्मा किंवा पेन असते तर 'चष्मा कलेचा, बाबासाहेब तुमचे' असे कुणी म्हटले असते, तर आपण ऐकून घेतले असते का? अखेर अस्सल करंडकही परत द्यावे लागले.

१९४७ साली अस्थी लंडनहून निघाल्या आणि आधी सिलोनला पोहोचल्या. तिथे लाखो लोकांनी दर्शन घेतले. १४ जानेवारी १९४९ रोजी कलकत्त्याला मोठ्या समारंभात पंडित नेहरूंनी त्या महाबोधी सोसायटीचे अध्यक्ष डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्या स्वाधीन केल्या. पुढे ब्रह्मदेशातही त्यांचे दर्शन झाले. काही भाग सिलोन आणि ब्रह्मदेशाला देण्यात आला. ३० नोव्हेंबर १९५२ रोजी सांचीला नव्याने बांधलेल्या चेतियगिरी विहारात त्यांची स्थापना झाली. ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू त्या वेळी हजर होते. आजही दर वर्षी नोव्हेंबरअखेर तिथे मेळा भरतो आणि अस्थी दर्शनासाठी बाहेर काढल्या जातात.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. तेव्हा परत देण्याची सक्ती करणारा एकही आंतरराष्ट्रीय कायदा नव्हता. तरी अस्थी परत आल्या. कारण मागणारे होते, आणि ते थकले नाहीत.

पिपरहवा : अस्थी एकीकडे, रत्ने दुसरीकडे

आता त्या लिलावाकडे येऊ. नेपाळच्या सीमेजवळ, आजच्या उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात पिपरहवा हे गाव आहे. १८९८ च्या जानेवारीत तिथला इंग्रज जमीनदार विल्यम क्लॅक्स्टन पेप्पे याने आपल्या जमिनीतला स्तूप खोदला. आत वालुकाश्माची मोठी पेटी आणि तीत पाच पात्रे निघाली. एक पात्र स्फटिकाचे असून त्याच्या झाकणाची मूठ माशाच्या आकाराची आहे. पात्रांत अस्थी आणि राख होती. सोबत सोन्याचे पत्रे, मोती, पोवळे, माणकासारखे लाल खडे, फुलांच्या आकाराचे मणी, अशा सुमारे १८०० लहानमोठ्या वस्तू निघाल्या.

एका करंडकावर ब्राह्मी लेख आहे. त्याच्या अर्थावर विद्वानांचा वाद आहे. पण हे शाक्य बुद्धांचे धातू असून भावांनी, बहिणींसह आणि मुला-बायकांसह हे दान केले, असा त्याचा आशय सामान्यपणे मानला जातो. बहिणींसह, मुला-बायकांसह! आम्ही हे वाचले तेव्हा डोळ्यांत पाणी आले. आपल्या विहारातल्या वर्गणीच्या पाटीवर असेच नाही का लिहिलेले? अमुक यांजकडून सहकुटुंब सहपरिवार. म्हणजे ती रत्ने राजाचा खजिना नव्हती. बाया-माणसांनी अंगावरचे काढून दिलेले ते दान होते.

त्या दानाची पुढे वाटणी झाली. १८७८ सालचा गुप्तधनाचा कायदा इंग्रजांनी केला होता. जमिनीत पुरलेले जुने धन सापडले की कलेक्टरला कळवायचे आणि सरकारने हक्क सांगायचा. कायद्याच्या भाषेत तथागतांच्या अस्थी म्हणजे 'गुप्तधन'! सरकारने अस्थी सयामचा राजा चुलालाँगकॉर्न याला १८९९ साली भेट दिल्या. त्याने त्यांतला भाग सिलोन आणि ब्रह्मदेशाला दिला. बँकॉकच्या वाट साकेत विहारात त्या आजही पूजल्या जातात. करंडक आणि बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेली. आणि रत्नांपैकी सुमारे पाचवा हिस्सा 'दुबार नमुने' म्हणून पेप्पेला ठेवू दिला.

पाहा, ज्याला बाजारात भाव नाही ते धर्माच्या नावाने वाटून टाकले. ज्याला भाव आहे ते सरकारने आणि खोदणाऱ्याने ठेवले. लंडनला 'अस्थी तुमच्या, करंडक आमचा' म्हणाले, इथे 'अस्थी त्यांच्या, रत्ने आमची' म्हणाले. गोष्ट एकच. दान देणाऱ्यांनी जे एकत्र ठेवले, ते किंमत लावून तोडले. पहिला अन्याय परदेशी नेण्याचा नाही, तोडण्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

कायदा काय म्हणतो?

आम्ही कायद्याचे शिक्षण घेतलेले नाही. जे वाचून समजले ते सोप्या भाषेत सांगतो.

युद्धात लूट करू नये, असे हेगच्या १८९९ आणि १९०७ च्या करारांत जगातल्या राष्ट्रांनी मान्य केले. १९५४ साली युद्धकाळात सांस्कृतिक ठेवा जपण्याचा स्वतंत्र करार झाला. पण वसाहतीत राज्य करताना केलेली खोदाई ही 'लढाई' नव्हे, म्हणून ती त्यात बसत नाही. १९७० साली युनेस्कोचा मोठा करार झाला. चोरून नेलेल्या सांस्कृतिक वस्तूंची आयात, निर्यात आणि खरेदी-विक्री रोखावी, असे त्यात ठरले. भारताने तो १९७७ साली मान्य केला, ब्रिटनने २००२ साली. आपला पुरातन वस्तूंचा कायदा १९७२ चा. पण युनेस्कोचा करार पुढचे पाहतो, मागचे नाही. एखाद्या देशाला तो लागू होण्यापूर्वी जे गेले, त्याला तो हात लावत नाही. १९९५ साली रोममध्ये युनिड्रॉइटचा करार झाला. त्यात भारतही नाही आणि ब्रिटनही नाही.

१९७३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींतून नेलेल्या कलावस्तू परत कराव्यात असा ठराव केला. ठराव चांगला, पण बंधनकारक नाही. उलट ब्रिटिश म्युझियमचा १९६३ चा कायदा असा की काही थोडे अपवाद सोडले तर विश्वस्तांना संग्रहातली वस्तू देता येत नाही. अमरावतीच्या स्तूपाचे शंभराहून अधिक कोरीव दगड तिथे आहेत. ते १८५९ साली मद्रासहून लंडनला गेले. मागितले की उत्तर मिळते, आमचा कायदा आड येतो. कायदा त्यांनीच केला आणि तोच आड येतो!

सगळ्या कायद्यांचा मथळा एकच : मालक कोण? वस्तू कोणत्या सरकारची, कोणत्या म्युझियमची, कोणत्या घराण्याची? पूजा करणारा कोण, हा रकाना त्या फॉर्मात नाही. स्तूपात दिलेले दान तर कुणाच्याच मालकीचे नसते. देणाऱ्याने सोडलेले असते आणि संघाने फक्त सांभाळायचे असते.

२०२५ साली काय झाले?

पेप्पेच्या वारसांनी तीनशेहून अधिक रत्ने सोदबीज या लिलाव कंपनीमार्फत ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगला विकायला काढली. ही रत्ने म्हणजे शरीरधातू नव्हेत, अर्पण केलेल्या वस्तू आहेत, असे घराण्याच्या बाजूने सांगितले गेले. पुन्हा तेच तोडणे! देशोदेशीच्या बौद्धांनी आणि अभ्यासकांनी आक्षेप घेतला. भारत सरकारच्या संस्कृती मंत्रालयाने कायदेशीर नोटीस पाठवली. लिलाव पुढे ढकलला गेला. ३० जुलै २०२५ रोजी रत्ने १२७ वर्षांनी भारतात परत आल्याचे जाहीर झाले.

आनंद आम्हांलाही झाला. पण आतली गोष्ट समजून घ्या. ती न्यायालयाने परत दिली नाहीत. गोदरेज उद्योगसमूहाने ती विकत घेतली आणि त्यांतला मोठा भाग दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाला पाच वर्षांसाठी उसना दिला. ज्यांनी पैसे मोजले त्यांचे आभारच मानले पाहिजेत, नाहीतर रत्ने मणी-मणी होऊन जगभर पांगली असती. तरी आजींच्या प्रश्नाचे काय? दान दिलेली वस्तू विकत घेऊन परत आणावी लागली, म्हणजे विकणाऱ्याचा हक्क आपण मान्य केल्यासारखेच झाले. आणि उसनी दिलेली वस्तू पाच वर्षांनी कुठे असावी, हे ठरवताना बौद्धांना कुणी विचारणार आहे का? आपण आत्तापासून विचारत राहिलो तर विचारतील.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे

कुणी म्हणेल, इंग्रजांनी नेले म्हणून तरी वाचले. यात थोडे खरे आहे, ते नाकारू नये. अमरावतीचा स्तूप आधी तिथल्याच जमीनदाराच्या माणसांनी बांधकामाच्या दगडांसाठी उकरला. आपल्या देशाने बुद्ध विसरला होता. कनिंगहॅमसारख्यांनी नकाशे काढले, लेख वाचले, म्हणून आज सांची कळते. हे ऋण आम्ही मानतो. पण शेजाऱ्याच्या घराला आग लागली म्हणून आपण त्याचे सामान बाहेर काढले, तर ते सामान आपले होते काय? घरमालक परत आला की द्यावेच लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. घरातली माणसे घरी परतली. आता मागणारे कुणी नाही असे म्हणायची सोय उरलेली नाही.

आपण काय करायचे?

आम्ही गिरणीत काम केले. तिथे मस्टरवर नाव असेल तर हक्क, नसेल तर कितीही घाम गाळा, दावा उभा राहत नाही. वस्तूंचेही तसेच. १९६१ साली नालंदाच्या संग्रहालयातून चौदा मूर्ती चोरीला गेल्या. त्यांतली बाराव्या शतकातली बुद्धांची एक ब्राँझमूर्ती २०१८ साली ओळखू आली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला लंडनच्या पोलिसांनी ती भारताच्या स्वाधीन केली. हे जमले कारण पुरातत्त्व खात्याकडे मूर्तीचे जुने फोटो आणि नोंद होती. सत्तावन्न वर्षांनी एका फोटोने मूर्ती घरी आणली.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या विहारातल्या प्रत्येक मूर्तीची, जुन्या फोटोची, देणगीच्या वहीची नोंद करा. कुणी दिली, कोणत्या साली, हे लिहा. फोटो काढून ठेवा. हे काम तरुण मुलामुलींनी अंगावर घ्यावे.

दुसरे, आपल्या हाताशी काय आहे ते आधी बघा. नालासोपाऱ्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेकडी १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खोदली, तेव्हा तो स्तूप निघाला. दगडी पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक ठेवलेले करंडक, भोवती आठ बुद्धमूर्ती, आणि सर्वांत आत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे मानून ठेवलेले. हा ठेवा लंडनला नव्हे, आपल्या मुंबईतच टाऊन हॉलच्या एशियाटिक सोसायटीकडे आला. आपण लोकलने रोज नालासोपारा ओलांडतो, फोर्टला कामाला जातो. किती जणांनी तो स्तूप पाहिला? किती जणांनी या करंडकांची चौकशी केली? समुद्रापलीकडचे मागायचे असेल तर अलीकडचे ठाऊक असले पाहिजे. पुढच्या वर्षी विहारातर्फे मुलांची सहल सोपाऱ्याला न्यावी, असा प्रस्ताव आम्ही या लेखातूनच समितीपुढे ठेवत आहोत.

आणि आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर इतकेच : त्यांना कुणीही दिलेले नव्हते. शाक्यांच्या बहिणींनी आणि मुला-बायकांनी दिले ते तथागतांना. ते अजून तथागतांचेच आहे. सांचीला मागणारे वर्षानुवर्षे मागत राहिले, तेव्हा अस्थीही आल्या आणि करंडकही आले. आपणही मागत राहू.

नमो बुद्धाय! जयभीम!